परखडरावांचं ‘होणे नको’

“या पोराला मी तीन परिच्छेदांत आडवा करतो की नाही, बघाच!” असं म्हणून परखडरावांनी पावावर इतक्या आवेशाने लोणी फासलं, की पाव मधोमध फाटला.

परखडराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका दैनिकात दर शनिवारी ते ‘कानउघाडणी’ नावाचं संगीतावरचं सदर लिहायचे, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी कुणालाही धड चांगलं म्हटलं नव्हतं, म्हणून हे नाव पडलं. एकदाच, फक्त एकदाच, एका म्हाताऱ्या बासरीवाल्याला ते ‘बरा’ म्हणाले होते. त्याने ते कात्रण चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावलं होतं. एवढा त्यांच्या ‘बरा’ला भाव!

आडवा करायचा तो पोरगा म्हणजे झिप. वय एकोणीस. जाकिटाला सतरा चेन, म्हणून नाव झिप. सोमवारी त्याचं ‘रिप्लाय दे’ हे नवं गाणं आलं आणि बुधवारपर्यंत गावातला एकही शाळकरी गळा धड राहिला नाही. परखडरावांच्या घरातलाही नाही.

“बाबा, तू झिपबद्दल वाईट लिहिलंस ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही,” लेक म्हणाली. ती दहावीत होती. तिच्या भिंतीवर झिपचे नऊ फोटो होते.

“किती दिवस?”

“माझं लग्न होईपर्यंत. आणि मी लग्न करणार नाहीये.”

परखडरावांनी पाव खाली ठेवला. संध्याकाळी ते ऑफिसातून आले की लेक अर्धा तास त्यांना शाळेतली सगळी भांडणं, नकला आणि चहाड्या सांगायची. तो अर्धा तास म्हणजे त्यांच्या दिवसाची मलई होती. पण इलाज नव्हता.

“घाबरून लिहायचं तर मग समीक्षा कशाला लिहायची? पाकिटांवर पत्ते लिहीत बसावं!” ते म्हणाले.

“अहो, जरा मऊ लिहा,” बायको म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती, त्यामुळे दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवायची तिला सवय होती. “पोरगी हट्टी आहे. कुणावर गेलीये, ते मी सांगत नाही.”

ऑफिसात जाऊन परखडरावांनी कानाला हेडफोन लावला आणि ते गाणं अकरा वेळा ऐकलं. वाईट गाणंसुद्धा अकरा वेळा ऐकल्याशिवाय त्याला वाईट म्हणायचं नाही, असा त्यांचा नेम होता. मग लेखणी सरसावली. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. पहिले दोन परिच्छेद शालजोडीतले द्यायचे, आणि तिसऱ्यात शाल बाजूला करून नुसता जोडा!

‘पहिल्याच ओळीला माझ्या अंगावर काटा आला,’ त्यांनी लिहिलं. ‘दुसऱ्या ओळीला डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिसऱ्या ओळीनंतर मला खुर्चीत बसवेना. असा गळा शिकवून येत नाही. कुणा गुरूने याला शिकवलं असेल, यावर माझा विश्वासच बसत नाही.’

आणि मग जोडा: ‘गायक नायिकेकडे एकेचाळीस वेळा उत्तर मागतो. ती एकदाही देत नाही. या संपूर्ण गाण्यात संगीताची जाण असलेली तेवढी एकच व्यक्ती आहे!’

वर मथळा दिला: ‘असं गाणं पुन्हा होणे नको!’ स्वतःचाच मथळा त्यांनी चार वेळा वाचला, चारही वेळा हसले आणि पिशवी उचलून वेळेआधी घरी गेले.

इथे वेलांटीबाई कथेत येतात. दैनिकात छापायला जाणारं अक्षर न् अक्षर या बाई तपासायच्या. एकतीस वर्षं हातात लाल पेन! लिफ्टमधल्या सूचनेतली चुकीची वेलांटीही त्यांनी स्टुलावर चढून दुरुस्त केली होती. परखडरावांचा मथळा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

“‘होणे नको’? सव्वीस वर्षं लिहितायत आणि साधा वाक्प्रचार येत नाही!” असं म्हणून त्यांनी ‘नको’वर काट मारली आणि ‘नाही’ केलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पानाच्या तळाला एक जाहिरात येऊन पडली आणि पान लावणाऱ्याला आठ ओळींची जागा कमी पडली. पान लावणारे लेख कापतात तो नेहमी शेपटाकडून. त्याने तिसरा परिच्छेद उडवला. जोडा गेला, नुसती शाल उरली! आणि जाहिरात कसली होती? ‘रिप्लाय दे’चीच.

शनिवारी सकाळी परखडराव चहा घेत होते, तोच लेक वाऱ्यासारखी आली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

“बाबा! तू ग्रेट आहेस!”

परखडरावांची छाती फुगली. पोरीला टीका झेपली! शेवटी रक्त कुणाचं! मग त्यांनी पेपर उघडला. मथळा होता: ‘असं गाणं पुन्हा होणे नाही!’ कपातला चहा बशीत आणि बशीतला विजारीवर गेला.

“खरंच तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं?” लेकीने विचारलं.

“आलं होतं,” परखडराव म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

“मी अख्ख्या वर्गाला पाठवलं! सगळ्या म्हणतात, तुझे बाबा आमच्या बाबांसारखे नाहीत.”

तिच्याकडे बघून त्यांना खरं सांगवेना. सांगितलं तर लेक जाते, नाही सांगितलं तर सव्वीस वर्षांचं नाव जातं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ओल्या विजारीत परखडराव!

ते तडक ऑफिसात गेले.

“बाई, तुम्ही माझा ‘नको’ का काढलात?”

“कारण ‘होणे नको’ असं मराठीत नसतं.”

“पण मला तेच म्हणायचं होतं!”

“तुम्हाला काय म्हणायचंय ते मी तपासत नाही,” वेलांटीबाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही काय लिहिलंय ते तपासते.”

“उद्याच्या अंकात शुद्धिपत्र हवं मला! मथळ्यात घोडचूक आहे!”

“आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मलाही ती सकाळपासून खुपतेय. माझ्या नजरेतून सुटली. मी स्वतः शुद्धिपत्र लिहिते.”

चूक कबूल करणारी वेलांटीबाई परखडरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी मोठ्या मनाने तिला माफ केलं आणि ते हलक्या पावलांनी घरी आले.

रविवारच्या अंकात चौकटीत छापून आलं: ‘कालच्या मथळ्यातील “असं गाणं पुन्हा होणे नाही” हे वाक्य “असे गाणे पुन्हा होणे नाही” असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

परखडरावांनी ताबडतोब वेलांटीबाईंना फोन लावला.

“अहो, ‘असं’ बोलण्यातलं आणि ‘होणे’ पुस्तकातलं!” बाई पलीकडून कळवळून म्हणाल्या. “एका वाक्यात दोन्ही कशी नांदतील? केवढी चूक झाली होती माझी!”

आता गावात एकच बोलणं सुरू झालं. परखडरावांना ते गाणं इतकं आवडलं, की एकदा स्तुती करून त्यांचं पोट भरलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा केली! संपादकांनी पाठ थोपटली. दोन दिवसांत साडेचारशे पत्रं आली होती म्हणे, त्यातली बरीचशी जांभळ्या शाईत. परखडरावांनी खुलासा छापायची गोष्ट काढली, तर संपादक म्हणाले, “स्तुतीचा खुलासा? वेडे आहात का! आता सदर पानभर करू या!”

सोमवारी बसच्या पाठीवर परखडराव झळकले. खाली झिप, वर ते वाक्य, आणि कोपऱ्यात परखडरावांचा ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो. त्यात ते नुकतेच पकडल्यासारखे दिसत होते.

त्याच दुपारी बासरीवाल्याचा फोन आला. म्हाताऱ्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मला ‘बरा’ म्हणालात, तेव्हा मी रडलो होतो, साहेब. म्हटलं, या माणसाच्या ‘बरा’ला मोल आहे. आणि या पोराला ‘होणे नाही’? तेही दोनदा? ते कात्रण मी आज काढून ठेवतोय.”

तो फोन परखडरावांच्या जिव्हारी लागला. शब्दाची पत गेली तर समीक्षकाजवळ उरतं काय? नुसता हेडफोन!

मंगळवारी झिपच्या मंडळींचं आमंत्रण आलं. बुधवारी दुपारी नाट्यगृहात कार्यक्रम, परखडराव प्रमुख पाहुणे, लेकीला पहिल्या रांगेत जागा. लेक आनंदाने पलंगावर उड्या मारायला लागली. परखडरावांचे डोळे मात्र चमकले.

“जाणार!” ते बायकोला बाजूला घेऊन म्हणाले. “व्यासपीठावर वेलांटीबाई नसते! तोंडातून निघालेला शब्द कोण दुरुस्त करतो, बघतोच!”

“आणि पोरगी?”

“नाही बोलणार.”

“मग?”

“मग... करीन सवय,” परखडराव म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

बुधवारी नाट्यगृहात आठशे पोरंपोरी कोंबल्या होत्या. पहिल्या रांगेत लेक दोन मैत्रिणींना कोपराने ढोसून सांगत होती, “ते बघा, ते माझे बाबा!” परखडरावांनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि माइक धरला.

“मित्रहो, हे गाणं भयानक आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. परखडराव गोंधळले. त्यांनी आवाज चढवला.

“अहो, जीवघेणं आहे!”

शिट्ट्या! मागच्या रांगा उभ्या राहिल्या. “ऐकून मी खलास झालो!” असं ते ओरडले, तर छत उडायची वेळ आली. आजवर जपून ठेवलेले त्यांचे एकेक जहाल शब्द त्या पोरांनी फुलांसारखे झेलले. शेवटी परखडरावांनी खोल श्वास घेतला आणि आयुष्यात प्रथमच अगदी साधं बोलले.

“मला हे गाणं आवडलं नाही. वाईट आहे ते. छापलं ते चुकून ‘नाही’ झालं. मी ‘नको’ लिहिलं होतं.”

सभागृह चिडीचूप झालं. लेकीचा चेहरा पांढरा पडला. मैत्रिणी तिच्याकडे बघायला लागल्या. पण शब्द बाहेर पडला होता, आणि तो खरा होता.

झिप पुढे आला. जवळून तो अगदीच पोरसवदा दिसत होता. ओठावर नीट मिशीसुद्धा नव्हती.

“कुठे वाईट आहे, काका?” त्याने विचारलं. “मला सगळे नुसतं भारी म्हणतात. कुठे ते कुणी सांगतच नाही.”

हा प्रश्न सव्वीस वर्षांत परखडरावांना एकाही गायकाने विचारला नव्हता! ते विरघळले.

“‘दे’वर, बाळा. तिथे तुझा सूर चढतो. आणि श्वास चुकीच्या जागी तुटतो.”

“मग कसं पाहिजे? म्हणून दाखवा ना.”

इथे शहाण्या माणसाने घसा धरला असता, पाणी मागितलं असतं, घरी काम आहे म्हणून काढता पाय घेतला असता. पण परखडरावांचा आत्मविश्वास त्या दिवशी आभाळाला टेकला होता. त्यांनी डोळे मिटले, एक हात वर केला आणि सुरुवात केली.

‘रिप्लाय’ कसाबसा निभावला. मग ‘दे’ आला. तो कुठून आला आणि कुठे गेला हे नक्की सांगता येणार नाही, पण ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याने घाईघाईने सगळी बटणं तपासली, आणि ड्रमवाला काहीतरी पडलं म्हणून स्टुलाखाली वाकून बघायला लागला. परखडरावांनी सगळं कडवं म्हटलं. डोळे उघडले तेव्हा आठशे पोरं खुर्च्यांवर आडवी होऊन हसत होती.

“समजलं, काका,” झिप मनापासून म्हणाला. आणि खरंच, पुढच्या वेळी त्याने श्वास योग्य जागी घेतला.

परतीच्या बसमध्ये लेक खिडकीपाशी बसली. परखडराव शेजारी. एक थांबा गेला, दोन गेले, तीन गेले. लेक हूं की चूं करेना. चौथ्या थांब्यावर परखडरावांनी मनातल्या मनात त्या संध्याकाळच्या अर्ध्या तासाला निरोप दिला. तेवढ्यात ती वळली.

“बाबा.”

“काय गं?”

“‘दे’ तुझा उतरला होता. झिपचा चढतो, तुझा उतरतो. ‘रिप्लाय’नंतर श्वास घेतलास, तो माइकमधून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. दुसऱ्या ओळीत ताल सुटला, तो परत सापडलाच नाही. आणि डोळे मिटलेस, पण मिटून गाण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.”

परखडराव एकेक मुद्दा बोटांवर मोजत राहिले.

“तू लिही हवं ते,” ती पुढे म्हणाली. “झिपबद्दल लिही, कुणाहीबद्दल लिही, कितीही वाईट लिही. मी बोलणं सोडणार नाही. पण पुन्हा कधी गायलास ना, तर बघ!”

घरी दार उघडताच बायकोने हळूच विचारलं, “काय हो? बोलली का?”

“बोलली. म्हणाली, फार वाईट गायलास.”

“मग एवढे खूश का दिसताय?”

“अगं,” परखडराव बूट काढता काढता म्हणाले, “मी सगळ्या रस्त्यात विचार केला. तिचा एक मुद्दा मला खोडता येत नाहीये!”