माहेरचं नाव

आमच्या शेजारच्या दिघ्यांना सकाळी "कसे आहात?" विचारायची सोय नाही. ते स्वतःची सोडून जहाजाची तब्येत सांगतात. "मधली डोलकाठी जरा कलतेय हो."

सिंगापुरात, बुकित पंजांगच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हा एकटा माणूस सात वर्षं अठराव्या शतकातली एक फ्रेंच फ्रिगेट, म्हणजे शिडांची युद्धनौका, बांधतोय. लाकडी, हातभर लांबीची. पाया लेबारच्या ऑफिसातून आले, की चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून दोर ओवत बसतात. खऱ्या फ्रिगेटची नोकरी जेमतेम तीन वर्षांची. मग ती इंग्रजांच्या हाती लागली. एकदा मी म्हटलं, "अहो, ती चालली त्याच्या दुप्पट वेळ तुम्ही बांधताय." दिघे आठवडाभर लिफ्टमध्ये माझ्याशी बोलले नाहीत.

इंग्रजांनी पकडली याचा त्यांना राग नव्हता. "लढाई आहे, चालायचंच. पण नाव बदललं हो तिचं. विचारलं का कुणी तिला?" म्हणून फ्रेंच नावाला ते माहेरचं नाव म्हणत, इंग्रजीला सासरचं. माहेरचं नाव नाकातून असं काही काढत, की आमची मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणायची, "अंकल कॅच कोल्ड लाह."

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीखाली रहिवाशांच्या छंदांचं प्रदर्शन ठरलं. आयोजक बाईंना जहाजावर इंग्रजी नाव हवं होतं. पुस्तकांत तेच सापडतं म्हणे. "मग जहाज येणार नाही," दिघे म्हणाले. सात वर्षांची मेहनत घरातच राहणार, म्हणून शेवटी मी मध्ये पडलो. कार्डावर दोन्ही नावं, जहाजावर फक्त माहेरचं.

माझं अक्षर बरं, त्यामुळे ब्रश माझ्याच हातात आला. फ्रेंच नाव लिहून झालं, तशी त्यांनी डेकवरची बोटभर होडी काढून पुढे केली. "हिच्यावर मराठीत लिहा. कुंदा."

"कुंदा कोण?"

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मृणालवहिनी. लग्नानंतर तीन वर्षांतच गेल्या, एवढंच मला ठाऊक होतं.

"हिचं माहेरचं नाव. मीच बदललं. तांदळात अंगठीनं 'मृणाल' लिहिलं, मोठ्या हौसेनं. तिला विचारायचं राहिलं."

इतकी वर्षं मी या माणसाची चेष्टा केली, त्याची मला लाज वाटली. बारीक अक्षरात लिहिलं.

रंग वाळेपर्यंत ते होडी तळहातावर घेऊन बसले. मग हळूच म्हणाले, "कुंदा." या नावानं ते तिला पहिल्यांदाच हाक मारत होते.