शेवट अजून धारदार हवा

चांगलं लिहायचं तर एकांत हवा, असं लेखन मार्गदर्शक मंडळाच्या नियमावलीत स्पष्ट म्हटलेलं असल्यामुळे चष्मेवाले शनिवारी दुपारी दुकान आतून बंद करून तळघरातल्या कोठीत जाऊन बसले. जुन्या फ्रेमांची खोकी, एक स्टूल, छताजवळ वीतभर झरोका. त्यांनी दार ओढून घेतलं आणि दाराची मूठ निखळून त्यांच्या हातात आली. दार आतून उघडायचा दुसरा मार्ग नव्हता.

मंडळ म्हणजे ब्लॉग लिहिणाऱ्या वीसेक सज्जनांची ऑनलाइन संस्था. अध्यक्ष एक माजी मुख्याध्यापक. त्यांना सगळे सर म्हणत. सरांनी जन्मात एक कथा लिहिली नव्हती, पण कथा कशी लिहावी हे मात्र ते रोज लिहीत. मंडळाचा दंडक असा, की प्रत्येकाने इतरांचं वाचून दोन ओळींचा अभिप्राय द्यायचा. एक ओळ कौतुकाची, एक सूचनेची. वाचण्याचा भाग तपासायची सोय नव्हती. चष्मेवाल्यांनी त्या सकाळीही गिऱ्हाईक सांभाळत हे काम उरकलं होतं. कुंडीतल्या झाडांवरच्या लेखाला ‘टवटवीत शैली, परिच्छेद लहान करा’. निवृत्त नर्सबाईंच्या ‘न्हाणीत घसरून पडले आहे, उठता येत नाही, कुणी येईल का’ या लेखाला ‘एकटेपणाचं प्रभावी चित्रण, शेवट अजून धारदार हवा’. मांजरावरच्या कवितेला नुसतंच ‘वा’, कारण तेवढ्यात कुणीतरी काडी मोडलेला चष्मा घेऊन आलं.

आता घाबरायचं नाही, असं चष्मेवाल्यांनी स्वतःला बजावलं आणि ते घाबरले. साखरेचा आजार, गोळ्या वर काउंटरवर, दुकान सोमवारपर्यंत बंद, दुसरी किल्ली बायकोकडे आणि बायको शेजारच्या गावी बहिणीकडे. तळघरात फोनला रेंज नाही. दुकानाचं वायफाय तेवढं येत होतं. त्यांनी बायकोला मेसेज केला, मग मेव्हण्याला, मग लेकीला. कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. यात त्या बिचाऱ्यांचा दोष नव्हता. ब्लॉग सुरू झाल्यापासून चष्मेवाले रोज सगळ्यांना लेख पाठवत आणि वर फोन करून ‘वाचलास का?’ म्हणून विचारत. नात्यातल्या झाडून सगळ्यांनी त्यांचे मेसेज आणि फोन मुके करून टाकले होते.

उरलं मंडळ. त्यांनी मंडळावर लिहिलं, ‘मी दुकानाच्या कोठीत अडकलो आहे. दार उघडत नाही. कुणीतरी या.’

सरांनी मजकूर परत पाठवला. ‘लांबी अपुरी. संघर्ष दिसत नाही. फेरलेखन करावं.’

चष्मेवाल्यांनी फेरलेखन केलं. साखर घातली, गोळ्या घातल्या, झरोका घातला, शेवटी दुकानाचा पूर्ण पत्ता घातला. लेख मंजूर झाला. पत्ता मात्र सरांनी काढून टाकला. ‘मंडळावर दुकानाची जाहिरात चालत नाही. शिवाय स्थळ धूसर ठेवलं की लेख सगळ्यांना आपला वाटतो. हे सगळ्यांच्याच लेखात करतो, राग मानू नये.’

अभिप्राय धडाधड येऊ लागले.

‘पहिल्याच ओळीत वाचक कोंडला जातो. सुंदर.’

‘दाराच्या मुठीचं प्रतीक फार आवडलं.’

चष्मेवाल्यांनी हातातल्या मुठीकडे पाहिलं. त्यांनी लिहिलं, ‘अहो, प्रतीक कसलं डोंबलाचं. खरी मूठ आहे. माझ्या हातात आहे.’

‘लेखकाने आपल्या लेखनाचं स्पष्टीकरण देऊ नये,’ सर म्हणाले. ‘वाचकावर विश्वास ठेवावा.’

‘सर, मी मरेन हो इथे.’

‘हे वाक्य शेवटी घ्या.’

दुपार कलेपर्यंत लेख मंडळाबाहेर पसरला. पुढे पाठवता पाठवता कुणीतरी लेखकाचं नाव गाळलं, तेवढाच मजकूर आटोपशीर. आणि अचानक बायकोचा मेसेज आला. चष्मेवाल्यांच्या जिवात जीव आला. उघडून पाहतात तो त्यांचाच लेख, आणि खाली लिहिलेलं, ‘याला म्हणतात लिहिणं. ताई आणि मी दोघी रडलो. जरा शिका.’

‘अगं, हा मीच लिहिलाय. मीच अडकलोय.’

‘दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवताय? या वयात? लाज वाटू द्या.’

चष्मेवाले मटकन स्टुलावर बसले. समोरच्या खोक्यावर एक मोठी कात्री पडली होती. आता मार्गदर्शनाबाहेरचं लिहिणं भाग होतं. त्यांनी टाइप केलं, ‘तुझी कापडाची कात्री इथे कोठीत आहे. खोकी फोडायला मीच आणली होती. ताईने नेली असेल, असं मी उगाच म्हणालो होतो.’

यात ना संघर्ष होता ना प्रतीक. तासाभरात बायको आणि ताई कोठीच्या दारात हजर होत्या. बायकोने आधी गोळी दिली, मग पाणी पाजलं, मग त्यांचा हात घट्ट धरून त्यांना वर आणलं. कात्री ताईने उचलली.

घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी मंडळाला कळवलं, की सुटलो. लगेच अभिप्राय आला. ‘शेवट पटला नाही. कात्री आधी पेरायला हवी होती.’

त्यांचं माथं भडकलं. “माणसं आहेत का कोण आहेत ही? तुम्ही कुठे आहात, असं एकाने विचारलं नाही.”

“सगळ्यांनी वाचलं होतं का पण?” बायकोने विचारलं.

“सगळ्यांनी. एक नर्सबाई सोडून. एरवी त्यांचा अभिप्राय पहिला असतो.”

“मग आज काय झालं त्यांना?”

चष्मेवाल्यांनी नर्सबाईंचा लेख उघडला. खाली कौतुकाची रांग होती आणि सगळ्यांत वर चष्मेवाल्यांचा स्वतःचा अभिप्राय. पत्ता सरांनी धूसर केला होता. बायकोने लेख वाचून पायात चपला सरकवल्या. “कुठे राहतात त्या?” चष्मेवाल्यांना ते माहीत नव्हतं, मंडळात कुणालाच माहीत नव्हतं, पत्ता खोडलेल्या सरांनाही आता आठवत नव्हतं.

नर्सबाईंनी सकाळी काय लिहिलं होतं, ते या गोष्टीत वर दिलेलं आहे, त्यांच्याच शब्दांत. ते तुम्हीही वाचलंत. आणि मग कोठीत अडकलेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते बघायला निघून गेलात.