बाविसाव्या सेकंदाला

आईसाठी पुनर्वसन केंद्र बघायला निघालेल्या तपासनीसांनी बरोबर टॉर्च, मोजपट्टी आणि छत्तीस प्रश्नांची यादी घेतली होती. हे पाचवं केंद्र. आधीची चार त्यांनी नापास केली होती. एकाच्या जिन्याचा कठडा हलत होता, दुसऱ्याच्या जेवणघरात फिनेलचा वास होता, तिसऱ्याचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं, आणि चौथ्यात काहीच सापडलं नाही म्हणून त्यांना संशय आला होता. पंपांच्या कारखान्यात एकवीस वर्षं माल तपासून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. निर्दोष वस्तू पाहिली की त्यांना चैन पडत नसे.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "वॉकर धरून चालायला लावा. आणखी महिनाभर अशाच बसून राहिल्या, तर मग कायमच्याच बसतील." पण आई पाऊल टाकायला तयार नव्हती. उभं केलं की दोन्ही हातांनी पलंग घट्ट धरायची आणि म्हणायची, "पाय माझा आहे. मला कळतं." केंद्र नापास झालं की मात्र तिची कळी खुलायची.

"कठडा हलतो म्हणजे काय! बरं केलंस," ती परतताना गाडीत म्हणायची.

आज निघताना बायकोने तपासनीसांना बाजूला घेतलं होतं. "तुम्हाला आईंना कुठे ठेवायचंच नाहीये. म्हणून खोट काढत बसता."

"मी फक्त नीट बघतोय."

"बघा. तुमचं बघून होईपर्यंत त्यांचा पाय आखडून जाईल."

ते शब्द तपासनीसांच्या डोक्यात वाटभर फिरत राहिले. केंद्रात पोचल्यावर त्यांनी आईला चाकाच्या खुर्चीतून हॉलमध्ये आणलं. तिथे एक आजोबा स्वतःचा वॉकर शेजारी उभा करून पेपर वाचत होते. तिला त्यांच्याजवळ बसवून बायको फाइल आणायला पुन्हा गाडीकडे गेली आणि तपासनीस मोठ्या सिस्टरबरोबर आत गेले.

कठडा त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हलला नाही. वास नव्हता. घड्याळ बरोबर होतं. एका पलंगाखाली टॉर्च मारला, तर तिथे साधी धूळही नव्हती. तपासनीसांनी यादी पुन्हा पहिल्या प्रश्नापासून वाचली.

"ही खोली रिकामी आहे. तुमच्या आईंना हीच मिळेल," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही बघा निवांत, मी औषधांचं बघून आले."

खोलीच्या बाथरूममध्ये भिंतीला लाल दोरी लोंबत होती. पेशंट पडला तर ओढायची. सतरावा प्रश्न नेमका तोच होता: बेल वाजल्यावर माणूस किती वेळात येतो? विचारलं तर कोणीही 'लगेच' म्हणणार. तपासनीसांनी दार लोटून घेतलं, मोबाइलवर सेकंद मोजायला लावले आणि दोरी ओढली.

बाहेर कर्कश बेल वाजू लागली. वेळ फुकट जाऊ नये म्हणून ते तेवढ्यात खाली वाकले, आणि फरशी निसरडी आहे का हे तळहातांनी घासून पाहू लागले.

बाविसाव्या सेकंदाला दार उघडलं. दारात मोठ्या सिस्टर, त्यांच्यामागे फिजिओथेरपिस्ट आणि कोपरापर्यंत साबणाचा फेस असलेल्या मावशी. समोर चौपन्न वर्षांचा गृहस्थ रांगत होता.

"पडलात?"

खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मावशी धापा टाकत म्हणाल्या, "तिकडे आजींना अर्धी आंघोळ घालून सोडून आले मी!"

"जरा... चक्कर आली," ते म्हणाले.

झालं. क्षणात त्यांना तिघींनी उचलून पलंगावर आडवं केलं. मावशी आंघोळीकडे परत पळाल्या. दंडाला पट्टा बांधला गेला.

"एकशे बहात्तर," सिस्टर म्हणाल्या. "गोळी चालू आहे?"

"मला प्रेशर नाहीये."

"आहे. डोकं आपटलं?"

"नाही हो, मी अगदी ठीक आहे."

"सगळे असंच म्हणतात. आज वार कोणता?"

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी बदलल्यापासून तपासनीसांचा वारांचा गोंधळ उडाला होता. ते क्षणभर थांबून म्हणाले, "बुधवार."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मंगळवार होता.

"उठायचं नाही," म्हणत फिजिओथेरपिस्टने पलंगाचा कठडा वर करून खटकन अडकवला. तो कठडाही हलत नव्हता.

"अहो, पण मी इथे तपासायला आलोय!"

"तेच चाललंय," सिस्टर शांतपणे म्हणाल्या आणि दारातून बाहेर ओरडल्या, "हॉलमध्ये यांचं कोणी आहे का बघा! बाथरूममध्ये पडलेत म्हणावं!"

तपासनीस ताडकन उठून बसले. "आईला सांगू नका! ती घाबरेल—"

"झोपा!"

ते कठड्यावरून पाय टाकायला लागले. सिस्टरने एक पाय आत घातला, तर त्यांनी दुसरा बाहेर काढला. ही ओढाताण चालू असताना बाहेरून टक्... टक्... असा आवाज येऊ लागला. आधी सावकाश. मग भराभर.

फिजिओथेरपिस्ट दारात गेली आणि तिथेच थबकली.

लांबलचक व्हरांड्यातून आई येत होती. वॉकर तिच्या उंचीला फार मोठा होता, त्यामुळे खांदे कानापर्यंत गेले होते. पदर जमिनीवर लोळत होता. पण पाऊल पडत होतं. एक, मग दुसरं, मग पुन्हा एक.

"कुठे पडला? डोक्याला लागलं का? बाजूला व्हा ना, मध्ये काय उभ्या राहिलात!"

तिच्यामागून दहा पावलांवर आजोबा येत होते. एक हात भिंतीच्या कठड्यावर, दुसऱ्या हातात पेपर. "अहो बाई, तो माझा आहे! माझा वॉकर द्या आधी!"

"आजोबा!" फिजिओथेरपिस्ट जवळजवळ किंचाळली. "तुम्ही वॉकरशिवाय चालताय?"

आजोबांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "मग काय करू? ह्या घेऊन पळाल्या ना!"

आई दारात पोचली. धाप लागली होती. तिने मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. रक्त कुठेच दिसत नव्हतं.

"आई," तपासनीस हळूच म्हणाले, "मी पडलो नाही. बेल वाजवून बघत होतो. किती वेळात येतात ते."

मोठ्या सिस्टरने दंडाचा पट्टा सोडायचं थांबवलं. फिजिओथेरपिस्टने डोळे मिटून घेतले. आता ही सगळी मिळून आपल्याला हाकलून देणार आणि आपल्या चुकीने आईची जागा जाणार, असं तपासनीसांना वाटलं. केंद्र आपल्याला पसंत पडलं होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"मग किती वेळात आले?" आईने विचारलं.

"बावीस सेकंदात."

आईचे पाय आता थरथरायला लागले होते. फिजिओथेरपिस्टने पुढे होऊन तिच्या पाठीला हात दिला, आणि एरवी कोणाला जवळ येऊ न देणाऱ्या आईने तो राहू दिला.

"मग ऊठ त्या पलंगावरून," ती म्हणाली. "मला बसायचंय."