एकही खूण नसलेला प्रोग्राम

मी फक्त कम्प्युटरशेजारी एक कागद चिकटवायचं ठरवलं होतं.

आमच्या पुढच्या खोलीत वहिनीचं भरतकामाचं मशीन आहे. कम्प्युटरवर नक्षी काढायची, मग मशीन ती कापडावर शिवतं. पण कम्प्युटर इतका गच्च भरलेला, की नवी नक्षी ठेवायला जागा नाही. तो साफ करून दाखवलास तर त्याच्यासमोरची खुर्ची तुझी, असं वहिनी म्हणाली होती. तोवर माझं काम लोंबणारे धागे कापण्याचं. (शाळा लवकर सोडलेल्याच्या हातात कात्रीच देतात.)

कागदावर मी एकेचाळीस प्रोग्रामांची नावं लिहिली. जो उघडाल त्यापुढे खूण करा, महिनाभरात खूण नसेल तो जाणार, असं घरात जाहीर केलं. (आधी भिंतीसमोर म्हणून पाहिलं, मग दादासमोर.) बाबांनी पत्त्यांच्या खेळापुढे इतक्या खुणा केल्या, की मला कागद जोडावा लागला. दादा तर माझं मन राखायला रोज कॅल्क्युलेटर उघडून बंद करायचा.

महिना संपला. बावीस प्रोग्रामांपुढे एकही खूण नव्हती. मी ते धडाधड उडवले. कम्प्युटर वाऱ्यासारखा पळू लागला. मी खुर्चीवरून हळूच हात फिरवून घेतला.

आणि मशीन हलेना.

समोर फुटबॉलचे प्रशिक्षक उभे. पंधरा सदऱ्यांवर संघाचं चिन्ह हवं होतं आणि सामना दुपारी होता. वहिनीने आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काय काय काढलंस?”

“कुणी उघडत नाही तेवढंच.”

“अरे, नक्षी मशीनकडे पाठवणारा प्रोग्राम आपला आपण सुरू होतो. त्याला कोण उघडणार आणि कोण खूण करणार?”

पण मी मुळात भित्रा. उडवण्याआधी प्रत्येकाची सेटअप फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. तो पाठवणारा परत घातला आणि दहा मिनिटांत सुई खडखडू लागली. पंधरावा सदरा सामन्याच्या तासभर आधी घडी होऊन तयार. कागदावर मी नवा रकाना आखला, ‘न उघडता राबणारे’. उरलेल्या एकवीस जणांची कुणाला आठवणसुद्धा आली नाही.

वहिनीने स्वतः खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी ऐटीत बसलो. कम्प्युटर आता हा सांभाळणार का, असं प्रशिक्षकांनी विचारलं.

“हो ना,” वहिनी कौतुकाने म्हणाली, “याने तो इतका सोपा करून ठेवलाय, की आता यालाही जमतो.”