गफूरचाचांच्या गाठी

गफूरचाचा रिकामी जीपही दोरीनं बांधून ठेवतात. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, चारी चाकांना दगड, आणि वर एक दोर लिंबाच्या खोडाला. "जीप काय पळून जाती का, चाचा?" असं विचारलं की म्हणतात, "चाकं हायती तिला. चाक असलेल्या चीजेचा भरोसा न्हाय, सर."

तेर गावात आमच्या शेजारी राहणारे हे साठीचे गृहस्थ धाराशिवपर्यंत माणसं ने-आण करतात. इतका भित्रा माणूस या धंद्यात कसा पडला, देव जाणे. टपावरचं प्रत्येक पोतं ते स्वतः बांधतात. एकदा एका नवरदेवाची ट्रंक त्यांनी अशी आवळली की गाठ सुटेपर्यंत सगळं वऱ्हाड उन्हात तिष्ठलं आणि नवरदेव बोडक्या डोक्यानं उभा, कारण फेटा ट्रंकेत. चाचा मात्र खूश. "पडली तर न्हाय न्हवं?"

यंदा उन्हाळ्यात मी आईच्या खोलीचं जुनं छप्पर उतरवलं. नवे बारा फुटी पत्रे धाराशिवहून आणायचे होते आणि टेम्पो मिळेना. चाचांना विचारलं, तर त्यांचा चेहराच उतरला.

"पत्रा म्हंजी लई मोठी सुरी, सर. वारं भरलं की कुनाचं ऐकत न्हाय."

तरी आले. त्या फेरीत दुसरा एकही माणूस गाडीत घेतला नाही. दुकानासमोर दीड तास बांधाबांध चालली. खाली लाकडी फळ्या, वर सहा पत्रे, पुढचं टोक बंपरला आवळलेलं, मागं लाल फडकं. दोर पत्र्याच्या धारदार कडेवरून जाई तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा घालायचा, म्हणजे दोर कापत नाही. उजवी बाजू त्यांनी घेतली, डावी मला दिली. मी तीन तुकडे घातले. पुढच्या कोपऱ्यासाठीचा चौथा सापडेना. ऊन मी म्हणत होतं.

"झालं का, सर?"

"झालं," मी म्हणालो.

चाचा सायकलच्या वेगानं निघाले. दर दोन किलोमीटरला उतरून गाठी चाचपायचे. डावीकडं मीच लगबगीनं जायचो, त्यांना दिसू नये म्हणून. तेर सहा-सात किलोमीटरवर राहिलं असताना उतरलो तेव्हा पुढच्या कोपऱ्यात दोराचे दोन पीळ तुटलेले दिसले. पण आता कोणत्या तोंडानं सांगणार? "ठीक आहे," म्हणून आत बसलो आणि तो कोपरा बघत राहिलो.

समोरून एक ट्रक भरधाव गेला. टपावर काहीतरी थरथरलं.

"आवाज बदलला," चाचा म्हणाले.

तेवढ्यात दोर तुटला. पत्र्याचं पुढचं टोक वर उचललं, बॉनेटवर सावली हलली. आरशात मागून येणारी मोटरसायकल दिसली. नवरा, बायको, तिच्या मांडीवर तान्हं पोर. चाचांनी करकचून ब्रेक मारला नाही, हळूहळू गाडी कडेला घेतली.

"सर, उतरा! मागं पळा! थांबवा त्यास्नी!"

मी दोन्ही हात हलवत, ओरडत पळालो. मोटरसायकल थांबली. वरचा पत्रा वाकला, सुटला आणि माझ्या डोक्यावरून जाऊन त्यांच्या पुढ्यात चार पावलांवर डांबरावर किंचाळत घसरला. मग सगळं शांत. त्या बाईनं पोराला पदरात गच्च धरलं होतं.

मी चाचांना सगळं सांगून टाकलं. ते तुटका दोर बघत राहिले. "चूक माझी हाय. डावीकडं म्याच यायला पायजे हुतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नव्यानं सगळं बांधलं. उरलेले पाच किलोमीटर त्यांनी जीप पावलापावलानं नेली आणि मी लाल फडकं हलवत मागून चालत आलो.

घरी पोचलो तर आई दारात. चाचा स्टिअरिंग धरूनच बसले होते. बोटं सुटत नव्हती.

"गफूर, आलास का बाबा नीट?"

ते तिच्याकडं बघतच राहिले. दोन वर्षांपूर्वी चाची गेल्या. तेव्हापासून त्यांना हे कुणी विचारलं नसावं.

"न्हाय माय," ते म्हणाले, "आज नीट न्हाय आलो." आणि खाली उतरून पायरीवर बसले. पत्रे टपावरच राहिले. दुकानापासून एकेक वळण ते सांगत होते आणि आई "मग?" म्हणत ऐकत होती. त्या पोराचं त्यांनी दोनदा सांगितलं.

"पर दोर तुटला कशानं?" आईनं विचारलं.

मी जीपच्या चाकाला दगड लावायला वाकलो.

"जुना हुता, माय," चाचा म्हणाले.