दोन जावांच्या भट्टीचे राज्य आणि न टिकणाऱ्या ज्योतीची हकिकत

श्रीकुलस्वामिनीचे पायी डोई ठेवून, गेलेल्या माणसांचे स्मरण करून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी एका राज्यी जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले आणि ऐकिले तैसे लिहिले आहे. उणेअधिक वाचणाराने मायेने पदरी घ्यावे.

राज्याचे नाव लिहीत नाही. विस्तार म्हणावा तर पुढे दुकान आणि मागे भट्टीघर, उत्तरेची सीमा पिठाची गिरणी, दक्षिणेची सीमा सायकलवाला. प्रजा म्हणजे गल्लीतील माणसे, सकाळी पाव आणि दुपारी खारी मागणारी. आणि किल्ला म्हणजे गॅसचा एक ओव्हन, पुरुषभर उंच, तीन मजली, पोलादी अंगाचा. या राज्यी दोघी जावा गादीवर होत्या, थोरल्या सगुणाबाई आणि धाकट्या मालनबाई. दोघींचे यजमान मागेच निवर्तले होते. थोरल्यांचे चिरंजीव जयवंतराव दूर शहरी नोकरीस, आणि मालनबाईंस मूलबाळ नव्हते. रात्री गॅस बंद करावा, पहाटे स्नान करून नव्याने ज्योत लावावी, ज्योत लागेतो पाण्याचा घोटही घेऊ नये, ऐसा दोघींचा नेम होता आणि तो कधी मोडिला नाही.

आता ज्योतीचा प्रकार. ओव्हनाचे पोटी पायलट म्हणून लहान ज्योत असे, आणि तिजवरून मोठे बर्नर पेटत. पुढील नॉब दाबून धरावा तेव्हा तीस गॅस मिळे, परंतु ज्योत दिसे ती मागील भोकातून, यास्तव हे काम दोघींचे. ज्योतीच्या तोंडाशी थर्मोकपल म्हणून तांब्याची काडी पहाऱ्यास उभी. ती पुरती तापली म्हणजे गॅसचा दरवाजा आपण धरून ठेवी, आणि न तापता नॉब सोडिला तर दरवाजा लावून घेई आणि ज्योत विझे. नॉब किती वेळ धरावा याचे माप घड्याळी नव्हते, देवीच्या स्तोत्राचे होते. सगुणाबाई पुढे पाटावर बसून नॉब दाबीत आणि पहिली ओळ म्हणत, मग मालनबाई मागे भोकाशी डोळा लावून दुसरी म्हणत, मग थोरल्या, मग धाकट्या, आणि स्तोत्र सरले की नॉब सोडावा. भांडून अबोला धरिला असताही दोघी स्तोत्रापुरत्या बोलत, आणि मग पुन्हा अबोला धरीत.

पौषमासी सगुणाबाईंस ताप भरला आणि त्या देवाघरी गेल्या. सुतक फिटले आणि मालनबाई एकट्याच भट्टीघरी आल्या. मागे पाहण्यास माणूस नाही म्हणून भिंतीस स्टीलचे ताट टेकवून त्यात ज्योत पाहू लागल्या. पाट अक्कांचा, म्हणजे थोरल्या जावेचा, म्हणून त्यावर न बसता वाकूनच नॉब दाबिला. ठिणगी पडली, ज्योत आली, स्तोत्र मनात म्हटले, नॉब सोडिला आणि ज्योत गेली. पुन्हा दाबिला, पुन्हा गेली. ऐसे रोज होऊ लागले. पाव वेळेवर निघेना, प्रजा दुसऱ्या राज्यी जाऊ लागली, आणि बाई दुपारपावेतो निर्जळी राहू लागल्या. गिरणीवाल्या पारूबाई नळावर म्हणाल्या की, थोरलीने जाताना ज्योत पदरात बांधून नेली, धाकटीच्या हाताला यश नाही. हे शब्द मालनबाईंचे कानी गेले. त्यांसही तेच वाटू लागले.

मग दस्तगीर मिस्त्रींस पाचारण जाहले. मिस्त्रींचे केस याच भट्टीपुढे पिकले होते. त्यांनी प्रथम सिलेंडर आणि रेग्युलेटर तपासिले, मग साबणाचे पाणी लावून नळी पाहिली, कोठे बुडबुडा नाही. मग पायलटचे भोक बारीक तारेने साफ केले आणि ज्योत निळी सरळ उभी राहिली. मग ठिणगीचे टोक पुसले, आणि शेवटी थर्मोकपलही नवे आणून बसविले. मिस्त्री नॉब दाबून घरची खुशाली बोलत बसत आणि ज्योत टिके. मिस्त्री गेले, रात्र सरली, पहाट झाली, बाईंनी लाविली की पुन्हा विझे. मिस्त्रींचे हाती टिकते आणि आपले हाती टिकत नाही, हे पाहून बाईंनी देवीपुढे अधिक एक उपास धरिला.

इतक्यात जयवंतराव स्वारी घेऊन आले. त्यांनी काकींची वाळलेली चर्या पाहिली आणि म्हणाले की, आई होती तोवर ठीक होते, आता पुरे, आमच्याकडे चला, ओव्हन भंगारवाल्यास सांगून ठेविला आहे. मालनबाई हळूच बोलल्या, "उद्या माझ्या हातानं पेटून राहिली तर मी इथंच राहीन. विझली तर तुझ्यामागनं येते, बाबा. मग एक शब्द बोलायची नाही."

दुसरे दिवशी पहाटेस टेम्पो दारी उभा राहिला. दस्तगीर मिस्त्री नमाज पढून आले आणि आज आपण हात लावणार नाही, बाईंनीच लावावी, ऐसे म्हणून भोकाशी बसले. बाईंनी नॉब दाबिला, ओठ हलविले, नॉब सोडिला, ज्योत गेली.

"एवढ्यात सोडला, धाकट्या वहिनी?"

"स्तोत्र संपलं."

"कसं संपलं? तुम्ही दोघी म्हणायचा तेव्हा पायरीवर माझा चहा निवून जायचा. जरा मोठ्यानं म्हणा बघू."

तेव्हा बाईंनी मोठ्याने म्हटले. दुसरी ओळ म्हटली आणि तीस लागून चौथी म्हटली, मग सहावी. मिस्त्रींनी हात वर करून थांबविले आणि मधल्या ओळी कोठे गेल्या ऐसे पुसिले.

"त्या अक्कांच्या," मालनबाई म्हणाल्या. "त्या मी कशा म्हणू?"

जयवंतराव दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मिस्त्री घड्याळ लावा म्हणते तरी चालते, परंतु ते तसे म्हणाले नाहीत. इतकेच बोलले, "नका म्हणू. पण त्यांच्या ओळीपुरतं थांबा तरी. आजवर कधी त्यांना मधे तोडलं नव्हतं तुम्ही."

मग बाईंनी पुन्हा नॉब दाबिला. स्तोत्राचा आरंभच अक्कांचा, यास्तव प्रथम त्या गप्प राहिल्या. मग आपली ओळ म्हटली आणि पुन्हा गप्प राहिल्या. भट्टीघरी ज्योतीची बारीक फुरफुर तेवढी ऐकू येत होती. अंगठा नॉबवरून हलला नाही. शेवटची ओळ धाकटीची, ती म्हणून त्यांनी नॉब सोडिला, आणि ताटात ज्योत जैशी होती तैशीच राहिली.

जयवंतरावांनी बाहेर जाऊन टेम्पो माघारी लाविला, आणि संध्याकाळच्या गाडीने निघतेसमयी काकींस एवढेच म्हणाले की, फोन तरी उचलत जा. पारूबाईंनी ताजे पाव नेले.

येणेप्रमाणे किल्ला राहिला, राज्य राहिले, आणि गादीवर एकट्या मालनबाई राहिल्या. पहाटे त्या गल्लीने जाणारास भट्टीघरातून स्तोत्र ऐकू येते. आधी काहीच येत नाही, मग एक ओळ येते, मग पुन्हा काही येत नाही. नवखा माणूस म्हणतो, बाईंस ओळी आठवत नाहीत. भट्टी पहिल्या खेपेसच पेटते.