उखळाचा तह आणि महानंदा दुधनीकरांची दिल्लीवरील स्वारी

श्रीसिद्धरामेश्वर समर्थ. शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठमास, सोलापूर शहरी आडत्यांचे पेठेत जो प्रसंग गुदरला त्याची हकीकत घडली तैसी लिहिली असे. कोठे काही वाढलेसे दिसले तर तो प्रसंग आपले पायाने वाढला, लिहिणाराने त्यास हात लाविला नाही, ऐसे समजावे. पूर्वी थोर थोर लोक गडांकरिता झुंजले आणि नद्यांकरिता झुंजले. हे झुंज एका सहीकरिता जाहले, म्हणोन कोणी हलके लेखू नये.

चनमल्लप्पा आडते मूळ दुधनीचे. भुईमुगाचे व तुरीचे व्यापारात नामांकित पुरुष, सौदा मराठीत करीत आणि रागास कानडीत चढत. त्यांची कन्या महानंदा, उमर वीस, राज्यशास्त्र या विद्येत बी.ए. पहिले वर्गात पार. तिने कॉलेजातील फलकावर जाहीरनामा वाचिला की दिल्लीचे विद्यापीठी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचे एम.ए. शिकवितात, आणि मग तिचे चित्त सोलापुरात राहीना. ही विद्या म्हणजे काय, तर पृथ्वीवरील दौलती एकमेकींशी का भांडतात, भांडून का थकतात आणि थकल्यावर कागदावर काय लिहितात, याचे ज्ञान. मग तिने काका शिवयोगी यांस फितूर करून घेतले, आणि काकांसमवेत पुण्यास जाऊन परीक्षा दिली, आणि घरी सांगितले की मैत्रिणीचे लग्नास गेलो होतो. तो ज्येष्ठ शुद्ध पक्षी दिल्लीहून रजिस्टर टपालाने खलिता दाखल जाहला. त्यात मजकूर ऐसा की, जागा दिली असे. सोबतच्या अर्जावर वडिलांची सही करून तो जूनअखेर दिल्लीस पावावा. न पावल्यास जागा यादीतील पुढील असामीस जाईल.

लग्नाची थाप तेथेच उघडी पडली. चनमल्लप्पांनी खलिता उलटा सुलटा पाहिला, आणि कानडीत बोलू लागले, आणि शिवयोगी काका चप्पल घालून दुकानी गेले.

दुसरे दिवशी सोप्यात मजलस भरली. शेजारचे बाळासो, जे बँकेत कारकुनी करीत आणि ज्यांस न विचारिता सल्ला देण्याचा पेठेत वहिवाटीचा हक्क होता, तेही आले. चनमल्लप्पांनी सवाल घातला की ही विद्या शिकून मनुष्य पुढे काय होते. महानंदेने अर्ज केला की परराष्ट्र खात्याची परीक्षा दिली तर हेजिबाची चाकरी मिळते. परमुलुखी वकिलातीत राहावे, तेथील लोकांशी गोड बोलावे आणि पाहिले ऐकिले ते लिहून दिल्लीस कळवावे. ते न साधले तर वर्तमानपत्रात अखबारनवीस होता येते. विद्यापीठात पंतोजी होता येते. अमेरिकेत सर्व राष्ट्रांची मजलस भरते, तिचे दप्तरीही माणसे लागतात. इतके सांगोन वडिलांचे मुद्रेवर काही उजेड दिसेना, तेव्हा तिने राखीव फौज बाहेर काढिली, की अक्कलकोट रोडचे कारखानदार आता टॉवेल परदेशी धाडू पाहतात. कोणत्या मुलुखी माल खपेल, तेथील जकात कैसी, हे सांगणारास ते घोड्यावर, म्हणजे मोटारीत, बसवून नेतील. या वाक्याने चनमल्लप्पा हलले.

मग बाळासोंनी तोंड घातले. "बँकेत एवढं काय न्हाय बघ पोरी. पंख्याखाली बसायचं, शिक्का मारायचा, पाचला घरी."

शिवयोगी काका म्हणाले, "व्हय, म्हणून तर तुमी चारलाच घरी असताय."

यावर मोठा हंशा जाहला आणि बाळासो चहापुरते गप्प राहिले. चनमल्लप्पा मात्र हसले नाहीत. ते अंगणाकडे पाहत होते. मग त्यांनी हुकूम फर्माविला तो ऐसा: "रशिया-अमेरिका राहू दे बाजूला. हितं अंगणात उखळ हाय. त्येच्यापायी तुझी अव्वा आणि काकू सहा वर्सं बोलत न्हाईत. ते मिटव. मिटलं की सही घे. न्हाय मिटलं तर दिल्लीचं नाव काढायचं न्हाय."

आतले दारी महानंदेच्या मातोश्री सावित्रम्मा तूर पाखडीत होत्या. त्यांचे सूप थांबले, आणि मग पुन्हा चालू जाहले.

आता उखळाची पूर्वपीठिका सांगणे अवश्य. सहा वर्षांमागे चनमल्लप्पा व शिवयोगी हे दोघे भाऊ विभक्त जाहले आणि अंगणातून भिंत घातली. भावांत वैर नव्हते, दुकानी एके गादीवर बसत. परंतु पणजोबांनी पुरलेले शेंगाचटणीचे दगडी उखळ नेमके भिंतीचे रेघेवर आले. ते हलविणे कुळास बरे नव्हे, म्हणोन गवंड्याने भिंत उखळाचे दोहों अंगांस थांबविली, आणि मधे खिंड राहिली. अलीकडील मुलूख सावित्रम्मांचा, पलीकडील धाकल्या जाऊबाई सुंदरम्मांचा. पहिले सालीच एकीने कुटावयास यावे तो दुसरीची मिरची आत, ऐसे जाहले. मग मिरची कोणी बाहेर काढिली यावरून शब्द गेले. आणि तेव्हापासून दोन्ही सरकारांचे दळणवळण बंद. एकमेकींस काही सांगणे जाहले तर भिंतीस सांगत. भिंतीने पुष्कळ ऐकून घेतले.

महानंदेने लायब्ररीतून ग्रंथ आणून अभ्यास केला. ग्रंथी ऐसे होते की गुप्त तहांमुळे जगात मोठाली युद्धे जाहली, सबब मसलत उघडी करावी. मग तिने रविवारी सकाळी खिंडीचे दोहों बाजूंस पाट मांडिले, आणि अकरा कलमांचा तहनामा खड्या आवाजात वाचावयास घेतला. आसपासच्या गच्च्यांवर पेठेतील समस्त बायका पापड वाळत नसताही पापड राखावयास दाखल जाहल्या. दोन कलमे सुखरूप गेली. तिसरे कलम वारांचे: आठवड्याचे वार सात, उखळ एक, प्रत्येकीस साडेतीन.

सुंदरम्मांनी भिंतीकडे पाहून विचारिले की बुधवारी दुपारी बारा वाजता अर्धी कुटलेली चटणी काय डोळ्यांत घालायची. मग त्यांनी चार वार मागितले. सावित्रम्मांनी भिंतीस कळविले की थोरलेपण आपले, सबब चार आपले. चार आणि चार मिळोन आठ होतात आणि आठवा वार देवाने केला नाही. मजलस उधळली. गच्चीवरील मंडळी बहुत समाधान पावून खाली उतरली.

मग दुसरी तजवीज. ग्रंथी लिहिले होते की तिऱ्हाइताची मध्यस्थी घ्यावी. दुकानचा हमाल धोंडीराम, पाठीने बलदंड आणि जिभेने सौम्य, त्यास दोहों घरांची चटणी एकदम कुटावयास नेमिले. तो दीड घटका कुटीत होता. चटणी दोहोंकडे सारखी वाटिली. सावित्रम्मा म्हणाल्या लसूण कमी. सुंदरम्मा म्हणाल्या लसूण जास्त. एके उखळातील, एके हातची, एके वेळची चटणी. यास्तव ग्रंथकारांनी सोलापूर पाहिले नव्हते हे सिद्ध जाहले.

मग महानंदा एकटी पलीकडे जाऊन काकूंचे पायांशी बसली. सुंदरम्मांचे मन कोवळे. त्यांनी तिला गूळशेंगा खाऊ घातल्या आणि सांगितले, "तीन बी चालले असते गं मला. पर आता सगळ्या पेठेनं चार ऐकलंय. खाली कशी येऊ, सांग." हे ऐकोन महानंदा हर्षाने अलीकडे आली, तो मातोश्री चारावरून पाचावर गेलेल्या. कारण पुसता त्या तूर पाखडू लागल्या. शत्रू नरम येत असता आपला पक्ष का ताठर व्हावा, हे कोणत्याही ग्रंथी सापडेना. जूनअखेर येऊन ठेपली, अर्ज टपालात पडावयास तीन दिवस उरले, आणि सही दौतीतच राहिली.

ते दिवशी महानंदा दुकानी पोत्यावर बसोन होती. धोंडीराम पाणी प्यावयास थांबला, आणि मग संकोच सोडोन बोलला. "ताईसाब, तुमी आडत्याची लेक. भाव कुणी मोठ्यानं सांगतंय व्हय? आकडा एकदा तोंडातनं गेला की मागं घेताना मान खाली जाती. म्हणून तर टॉवेल हाय की."

आडतबाजारचा रिवाज ऐसा, की सौदा करणाऱ्याचे हातावर टॉवेल टाकून दलाल त्याखाली त्याचा हात धरितो, आणि जितकी बोटे दाबिली तितका आकडा. मग दुसऱ्याकडे जाऊन तैसेच. वर चेहरे पाण्यासारखे स्वस्थ, खाली मारामारी. कोण किती उतरला हे दलालाखेरीज कोणास कळत नाही, आणि दलाल सांगत नाही. ज्या घरात चार पिढ्या हा रिवाज चालिला त्या घरची कन्या आकडे गच्च्यांवर ओरडून सांगत होती! महानंदेने कपाळास हात लाविला, आणि मग अक्कलकोट रोडच्या कारखान्याचा नवा टॉवेल, चिठ्ठी न काढिलेला, खांद्यावर घेऊन घरी आली.

दोघी खिंडीशी बसल्या. बाजारात बायका हा खेळ कधी खेळत नसत, परंतु दोघीही आडत्यांच्या घरच्या, समजावून सांगण्याचे कारण पडले नाही. गच्च्या भरल्या. महानंदेने प्रथम काकूंचे हातावर टॉवेल टाकिला. सुंदरम्मांनी तोंडाने "मी चाराच्या खाली यायची न्हाय" ऐसे ऐकू जाईलसे म्हटले, आणि टॉवेलाखाली घाईने तीन बोटे दाबून हात काढून घेतला.

मग मातोश्रींचा हात. महानंदेने तीन दाबिली. सावित्रम्मांनी तिचा सगळा पंजा धरिला. पाच. महानंदेने पुन्हा तीन दाबिली. पुन्हा सगळा पंजा, आणि सोडिला नाही. बाजारात आकडा कळला की हात सुटतो. हा सुटेना. घाम आला तरी सुटेना. तेव्हा महानंदेस उमगले की हा वारांचा आकडा नव्हे. तह जाहला म्हणजे सही होते, सही जाहली म्हणजे लेक जाते. म्हणोन मातोश्री तह होऊ देत नव्हत्या, आणि हे कारण भिंतीसही सांगितले नव्हते.

मग तेथे जो सौदा जाहला तो गच्च्यांस वारांचा वाटला. महानंदेने दोन बोटे दाबिली, म्हणजे दोन वर्षे. हात सुटला नाही. मग चार दाबिली, म्हणजे महिन्यास चार पत्रे. पकड थोडी ढिली पडली. पुन्हा दोन, म्हणजे दिवाळी आणि संक्रांतीची गड्ड्याची जत्रा, दोन्हींस घरी. सावित्रम्मांनी समोर पाहतच टॉवेलाबाहेर, तोंडाने, एकच वाक्य बोलिले.

"तितं थंडी लई असती म्हणं."

"चादरी नेते की, अव्वा. दोन नेते."

मग सावित्रम्मांनी पंजा सोडिला, एकेक बोट मोजून तीन दाबिली, आणि हात पदराखाली घेतला.

महानंदेने उभे राहून जाहीर केले की प्रत्येकीस तीन वार, आणि सोमवार सिद्धरामेश्वराचा, त्या दिवशी उखळास विसावा. कोण उतरले हे कोणास न कळता दोघीही ताठ मानेने उठल्या. पेठेत मोठा अचंबा जाहला. चनमल्लप्पा जबानीचे पुरुष. तेथेच दौत मागवून अर्जावर कानडीत सही ठोकिली. दिल्लीच्या दप्तरी ती कोणास वाचता आली नाही, म्हणोन कोणी हरकतही घेतली नाही. दलालाने आकडा सांगू नये हा बाजारचा कायदा महानंदेने आजतागायत पाळिला. मग लिहिणारास कैसे कळले, ऐसे कोणी विचारील, तर बखर लिहिणारास टॉवेल आड येत नाही.

आषाढात बुधवारी खासा स्वारी निघाली. दौंडास गाडी बदलून दिल्ली गाठावयाची. स्टेशनावर चनमल्लप्पा, शिवयोगी, धोंडीराम डोक्यावर ट्रंक घेऊन, आणि बाळासो, जे हरएक उतारूस सांगत होते की हा मार्ग पोरीस आपणच सुचविला. सावित्रम्मा आल्या नाहीत. बुधवार तहान्वये त्यांचा होता आणि हक्काचा वार वाया कोण घालवितो, ऐसे त्यांनी कारण दिले.

गाडी सुटावयाची वेळ जाहली तेव्हा उखळाचा आवाज पेठेत चालू होता. परंतु आवाज निराळा, दगडाचा. सुंदरम्मांनी खिंडीतून डोकावून पाहिले, तो जाऊबाई मुसळ घालीत होत्या आणि उखळात शेंगदाणा एक नव्हता. सुंदरम्मा आत गेल्या, घरचे भाजलेले शेंगदाणे सूपभर आणून उखळात ओतिले, लसूण टाकिला, तिखट टाकिले, आणि आपले मुसळ घेऊन समोर उभ्या राहिल्या. मग एक मुसळ वर आणि एक खाली ऐसे चालले.

बऱ्याच वेळाने सावित्रम्मा म्हणाल्या, "लसूण जास्त झालाय."

सहा वर्षांनी भिंतीऐवजी माणसास बोलिलेले हे पहिले वाक्य. सुंदरम्मांनी उत्तर दिले, "पोरीला तसाच आवडतो. डबा उद्याच्या टपालानं धाडू."

येणेप्रमाणे टॉवेलाखाली ठरलेला तह त्याच बुधवारी मोडिला, आणि सुलूख तेव्हापासून कायम जाहला. सही मिळाली, कन्या दिल्लीस दाखल जाहली, पहिले पत्र आठवे दिवशी आले. फत्ते दोघी जावांची म्हणोन येथे नोंदिली असे. थोरलीचे नाव आधी की धाकलीचे, हे गच्च्यांवरील मंडळींनी आपसात ठरवावे.